दोन रिंगांचा फोन

कप्तानांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्याच वर्षी मी या घरात आलो. पाहुणे परतून चार दिवस झाले होते आणि भाड्याच्या खुर्च्या अजून दाराशी रचून ठेवलेल्या होत्या. मित्रांनो, मी एक जुना उपग्रह फोन आहे. आज मी स्वयंपाकघराच्या कपाटात सुतळीच्या गुंड्याशेजारी पडून असतो. तेव्हा मात्र माझ्या काचेवरचा पातळ कागदसुद्धा कुणी काढला नव्हता.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे धुळीचा कण दिसला तरी काम थांबत असे. डोक्याला टोप्या बांधलेल्या बायकांनी मला जोडले, तपासले आणि अंगठ्याएवढा जाड अँटेना बसवून पेटीत घातले. आमच्या कंपनीने आकाशात साठ-सत्तर उपग्रह फिरत ठेवले होते. भर समुद्रात अँटेना वर केला, की त्यांतला एखादा मला ओळख द्यायचा. याचा मला फार ताठा होता.

मला ठाऊक नव्हते, की आणखी दोन कंपन्यांनी हाच खेळ मांडला आहे. व्यापारी आणि साहेब लोक आम्हाला लाखांनी विकत घेतील, असा तिघींचा हिशेब होता. पण उपग्रह वर जाईपर्यंत जमिनीवर गावोगाव मनोरे उभे राहिले. खिशातला छोटा फोन तेच काम चार पैशांत करू लागला. जिथे मनोरा पोचत नाही तिथलीच माणसे आमच्या वाट्याला उरली. खाणीतली, डोंगरातली आणि समुद्रावरची. एवढ्याशा गिऱ्हाइकांवर तिघी तुटून पडल्या. एकीने दर उतरवला, की दुसरी त्याहून खाली यायची. उपग्रह काही जन्मभर टिकत नाहीत. दहा-बारा वर्षांनी नवे सोडावे लागतात, आणि त्यासाठी कुणाच्याच गाठीला काही उरत नव्हते.

मला घरी आणले ते कप्तानांच्या मेहुण्यांनी. बंदरावर त्यांचे छोटेसे दुकान होते आणि आमच्या कंपनीची एजन्सी त्यांनी घेतली होती. स्वभावाने गोड, पण समुद्राशी मुळीच न पटणारा माणूस. बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्यांना बोट लागायची. कप्तानांच्या मासेमारीच्या बोटीवरचा वायरलेस किनाऱ्याजवळच चालायचा. त्यापलीकडे गेले, की आठ-आठ दिवस कप्तानांची काहीच खबर नसे आणि त्यांची बायको, मेहुण्यांची ताई, जेवण टाकायची. म्हणून मेहुण्यांनी बहिणीसाठी मला कप्तानांच्या हाती दिले.

पलीकडून फोन उचलला तरच पैसे पडतात, हे कप्तानांनी पहिल्याच फेरीत हेरले. मग त्यांनी ठरवून टाकले. रोज संध्याकाळी पाचला घरच्या फोनवर दोन रिंगा म्हणजे सगळे ठीक. तीन रिंगा म्हणजे परत निघालो. ताई ओले हात पुसत फोनपाशी उभी राहायची, रिंगा मोजायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. ही युक्ती बंदरभर पसरली. घरोघर पाचला दोन रिंगा वाजत. सगळे कप्तानांच्या डोक्याची तारीफ करत, आणि मीसुद्धा फुगून जायचो.

मेहुणे मात्र कपाळाला हात लावायचे. “दाजी, आठवड्यातून एकदा तरी बोला की. तुमच्या टिंगटिंगीवर आकाशातली यंत्रं चालत नाहीत.”

“बोलायला घरी येतोच की,” कप्तान म्हणायचे. “आणि तिथंही तुझी बहीणच बोलते.”

ताई हसायची. “तुझं दुकान चालावं म्हणून मी पैसे देऊन हो-हो करत बसू का रे?”

आठ वर्षे अशीच गेली. मी एकदाही चुकलो नाही. मग तिघींतल्या दोन कंपन्या रखडायला लागल्या आणि आमची तर अंथरुणालाच खिळली. मेहुण्यांनी कप्तानांना सांगितले, की तिसऱ्या कंपनीचा फोन घेऊन ठेवा, कारण मी दुसऱ्या कुणाच्या उपग्रहाशी बोलू शकत नाही. कप्तान म्हणाले, पुढच्या हंगामात बघू. तेवढ्यात कंपनीचे पत्र आले, की नवा मालक मिळाला आहे आणि सेवा निदान तीन महिने चालू राहील. मेहुण्यांनी ते पत्र बहिणीला मोठ्याने वाचून दाखवले. तिचा चेहरा खुलला. कप्तान निघाले.

नवा मालक ऐन वेळी मागे फिरला. आमच्या फेरीच्या पाचव्या दिवशी पाच वाजता कप्तानांनी अँटेना वर केला, आणि आकाशात मला ओळख देणारे कुणी नव्हते. उपग्रह फिरत असतील, पण ते मुके झाले होते. कप्तानांनी मला टपावर चढवले, बंद करून चालू केले, ओल्या फडक्याने पुसले. समुद्र शांत होता. जाळे भरून येत होते. आमच्याकडे काहीच बिघडले नव्हते, आणि तीच एक गोष्ट आम्ही कुणाला सांगू शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तेव्हा कप्तानांनी जाळे कापून टाकले आणि बोट फिरवली. घर दोन दिवसांवर होते.

घरी काय झाले ते मला मागाहून, रडण्यातून आणि बोलण्यातून कळले. मेहुण्यांनी दुकानातला फोन तपासून बहिणीला सांगितले होते, की सेवाच बंद पडली आहे, दाजी सुखरूप असतील.

ताई म्हणाली, “तीन महिने चालेल हेही तूच सांगितलं होतंस. आता तुझ्या कुठल्या शब्दावर बसू?”

दुकानातला तिसऱ्या कंपनीचा नवा फोन मेहुण्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात घातला, एका ओळखीच्या नावाड्याला विनवले आणि दाजींना शोधून त्यांचा आवाज बहिणीला ऐकवायला निघाले. वाटेत वारा उठला. आमच्या बोटीची आणि त्यांच्या होडीची गाठ पडलीच नाही.

मित्रांनो, ज्या वस्तूवर घरचा जीव टांगलेला असतो, ती फुकटात राबवून जगत नाही. आम्हाला जपा म्हणजे नुसते पुसून ठेवू नका, आमचे मोलही द्या. एवढेच सांगायचे होते. ऐकून आता माझ्या घरात काही फरक पडणार नाही, हेही मला कळते. ताई कपाट उघडते, सुतळी घेते, माझ्याकडे बघत नाही.

नावाडी उलटलेल्या होडीला धरून वाचला. कप्तानांचे मेहुणे मार्च महिन्याच्या एकोणीस तारखेला सकाळी समुद्रात बुडून वारले. ते एक्केचाळीस वर्षांचे होते.