डोकी मोजणारा पितळी चिमटा

मित्रांनो, मी एक जुना पितळी चिमटा आहे. दोन वाकडे पाय आणि मध्ये आकड्यांची पट्टी. मला माणसांची डोकी मोजायला घडवलं होतं.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका डोंगरी गावात, डॉक्टर प्रुइट यांच्याकडे मी चाळीस वर्षं होतो. गुलामगिरी संपली होती, पण मालकी गेल्याची आग विझली नव्हती. आपण जन्मानंच वरचे आहोत, असं गोऱ्या मालकांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. काहींनी पांढरे झगे शिवले, तोंडं झाकली आणि काळ्यांची घरं जाळली. डॉक्टरांनी झगा कधी घातला नाही. त्यांनी मला हातात घेतलं. झगेवाल्यांकडे दहशत होती, पुरावा नव्हता. तो मी पुरवला.

त्यांची मुलगी लव्हिनिया वही घेऊन बसे. डॉक्टर आधी सांगत, "लिही, गोरा," किंवा "लिही, काळा." मग मला डोक्याला टेकवत. आकडा मनासारखा आला नाही, म्हणजे गोऱ्याचा लहान किंवा काळ्याचा मोठा आला, तर म्हणत, "खोड गं ते. हात हलला माझा." गोऱ्यांच्या कपाळावर मी सैल असे, काळ्यांच्या कपाळावर आवळला जाई. पाहुणे माझं कौतुक करत. मी मखमलीच्या पेटीत झोपे आणि स्वतःला विज्ञानाचा सेवक समजे.

डॉक्टर वारले. लव्हिनियानं पेटीला दोन महिने हात लावला नाही. मग झगेवाल्यांचा पुढारी हॉबर्ट क्रेनशॉ दारात आला.

"पोरी, बुधवारी शाळा समितीची बैठक आहे. त्या काळ्या मास्तरणीला, टॉलिव्हर बाईला, काळ्या पोरांसाठी सातवीच्या पुढचे वर्ग हवेत. तुझ्या वडिलांच्या वहीतलं डोक्यांचं कोष्टक दाखवलं की विषय मिटला. डोकीच लहान, तर पुस्तकं कोंबायची कुठं?"

"चिमटा मी स्वतः घेऊन येते, काका," ती म्हणाली.

बैठकीत तिनं क्रेनशॉला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "वडिलांचीच पद्धत. फक्त कोण गोरं, कोण काळं, ते आधी सांगायचं नाही. मी आकडा वाचते, तुम्ही ओळखा."

टॉलिव्हर बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. "माझंही घ्या," म्हणत त्या पुढं आल्या. त्या दिवशी मला कुणी आवळलं नाही, सैल सोडलं नाही.

लव्हिनियानं पहिला आकडा वाचला.

"वा! हे गोऱ्या गृहस्थाचं. पैज लावतो!"

दुसरा वाचला.

"हे काळ्याचं. लपतंय होय?"

"वळा आता, काका."

पहिलं डोकं टॉलिव्हर बाईंचं होतं. त्या केसांतल्या पिना नीट करत होत्या.

"हॉबर्ट, दुसरं माझं आहे," समितीचे गोरे अध्यक्ष गुरगुरले.

मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षांना शाळेतून काढा रे!" सगळी खोली हसली.

क्रेनशॉ लालबुंद झाला. "बापाचं नाव मातीत घालतेस!"

लव्हिनियानं वही उघडून सगळ्यांसमोर धरली. "वडिलांनी या गावातली कितीतरी बाळं वाचवली. आणि हे खोटंही लिहिलं. खोडाखोड माझ्या हातची आहे. मी दोन्हीतलं काही नाकारणार नाही."

"आणि माझं डोकं मोठं निघालं म्हणून वर्ग देऊ नका," टॉलिव्हर बाई म्हणाल्या. "लहान निघालं असतं, तरी मुलांना शिकायचंच होतं."

एका मताच्या फरकानं वर्ग मंजूर झाले. बाहेर पायऱ्यांवर बसून लव्हिनिया वडिलांसाठी पहिल्यांदा रडली. मी तिच्या मांडीवर होतो. चाळीस वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

झगे काही गावातून गेले नाहीत. मी मात्र टॉलिव्हर बाईंच्या वर्गात गेलो. तिथं मुलं मला घेऊन भोपळे मोजतात, आणि ज्याचा अंदाज चुकतो त्याला सगळे मनसोक्त चिडवतात.

मित्रांनो, माझ्या सांध्याला अधूनमधून तेल द्या, मला ओलीत ठेवू नका. पण कुणी उत्तर आधी लिहून मग मला उचलायला आला, तर त्याच्या हातातून मला काढून घ्या.