साठपासून

“थांब,” काका म्हणाला आणि त्याने फूटपट्टीने पुतणीच्या गिटारच्या तारा दाबून धरल्या. “साठपासून.”

तिने ठोके देणाऱ्या मेट्रोनोमची चकती एकशेवीसवरून मागे फिरवली. मिनिटाला साठ ठोके. त्या गतीला वाजवणं म्हणजे मुंगीच्या पावलांनी जिना चढणं. चूक झाली की साठवर यायचं आणि चार-चार ठोक्यांनी पुन्हा वर जायचं, हा काकाचा नियम. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली ती पोर तासाभरात तिसऱ्यांदा खाली आली होती.

“काय चुकलं?” तिने विचारलं.

“या जागेतला सातवा सूर. खणखणीत वाजला.”

“वाजायलाच हवा ना?”

“मला अक्कल शिकवू नकोस. तिथे करंगळी नुसती टेकवायची, सूर मारून टाकायचा, वाजू द्यायचा नाही. आपल्या घराची ढब आहे ती.”

घराची ढब कसली डोंबलाची. सहा महिन्यांपासून काकाच्या डाव्या हाताची करंगळीच त्याचं ऐकत नव्हती. वेग वाढला की ती तारेवर टेकायची पण दाबायची नाही, आणि सुराच्या जागी नुसतं थप्प व्हायचं. वीस वर्षं ज्या बँडमध्ये तो वाजवत होता तिथे कुणाला याचा पत्ता नव्हता; पायाखालचं डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं की त्या घरघराटात सगळं खपून जायचं. पण आता बँडप्रमुखाने दुसरा गिटारवाला घ्यायचं ठरवलं. दोघांनी एकच जागा, तोच सुरांचा तुकडा, एकत्र वाजवायची, आणि दुसऱ्याचा सातवा सूर वाजला तर आपलं पितळ उघडं पडणार. म्हणून त्याने पुतणीचं नाव पुढे केलं. ती शब्दाबाहेर जाणारी नव्हती. भाऊ गेल्यावर ती त्याच्याच घरात वाढली होती, आणि हे तो तिला दिवसातून एकदा तरी ऐकवायचा.

तीन महिने तिने बोटांना चिकटपट्टी लावून सराव केला. बाकी काकाने शिकवलं ते अस्सल होतं. बोट तारेपासून फार उचलायचं नाही, तार छेडायच्या पिकचं जेमतेम टोक लागू द्यायचं, जिथे अडतं तेवढे चारच सूर घोळवत बसायचं. एका संध्याकाळी ती एकशेसाठच्या गतीला पोचली. काकाला अभिमान वाटला, आणि लगेच तिचा रागही आला. सातव्या सुराला थप्प झालं तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

निवडीच्या दिवशी सरावाच्या खोलीत बँडप्रमुखाने वाकून स्वतःच्या हाताने पेडल बंद केलं.

“आधी साफ आवाजात ऐकू दे.”

ती वाजवू लागली. त्या वेगातही एकेक सूर सुटा ऐकू येत होता. फक्त सातव्याला थप्प. पुन्हा वाजवलं, पुन्हा थप्प.

“एवढी एकच जागा मरतेय,” बँडप्रमुख म्हणाला. “जमत नाही का?”

“जमते की.”

तिने वाजवून दाखवलं. सातवा सूर खोलीभर वाजला.

“मग मारतेस कशाला?”

तिने काकाकडे पाहिलं. काका उगाचच आपल्या गिटारची खुंटी पिळत होता.

“काका असंच वाजवतात,” ती म्हणाली. “नीट वाजवलं की मला साठपासून करायला लावतात.”

बँडप्रमुखाने काकाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. वीस वर्षांची दोस्ती होती. मग त्याने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

“बस,” तो काकाला म्हणाला. “हीच जागा वाजव. पेडल बंदच राहू दे.”

काका बसला. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि करंगळी इतर बोटांच्या आड दुमडून धरली.

“किती गतीला?” त्याने विचारलं.

उत्तर बँडप्रमुखाने द्यायचं होतं, पण पुतणीच उठली. मेट्रोनोमची चकती मागे फिरवत तिने साठवर आणली आणि मेट्रोनोम काकाच्या समोर ठेवला.

“साठपासून,” ती म्हणाली. “मग मी चार-चारने वर नेते.”

ठोके सुरू झाले. तिने चकतीवरचा हात काढला नव्हता.