केसांतली ओटी

एक दाणा तुटका निघाला. जयमालाने तो बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीकडे धरला—तुटका अक्षतांत चालत नाही—आणि ती बाजूला ठेवते तोच हॉलमधून मैत्रीचा, लेकीच्या वर्गमैत्रिणीचा, आवाज आला, "केसांत, अरे! वेण्या घालताना भाताचं बी लपवलं त्या बायकांनी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजात कोंबायच्या आधी."

ताटातलं बोट थांबलं.

लेकीचे, वैदेहीचे, हे वर्गमित्र दर गुरुवारी नेरूळच्या या घरात अभ्यासाला जमत, आणि भांडत.

"पुरावा?" निशांत म्हणाला. "नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी सगळ्या. माझी आजी पण म्हणायची, इथल्या शिरवणे गावात वाघ यायचा."

"लिहिणारे कोण होते? जहाजवाले," वैदेही उसळली. "ते काय वेण्या उलगडून बघत बसले होते?"

"ओके, काकूंना विचारू. काकू, वेणीत बी टिकेल?"

"गप रे, निशांत. आईचं गुरुवारचं मौन आहे, दिवा लागेपर्यंत."

"घ्या! हाही पुरावा गेला."

सगळे हसले. जयमालाही, ओठ मिटून... पण आत काहीतरी उघडत चाललं होतं, समुद्राएवढं. ती माहेरच्या दारातून निघाली तेव्हा बायकांनी पदरात तांदूळ घातले होते, कोणी डोळे पुसत होतं, कोणी पदराची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होतं—आणि त्या जहाजातल्या बायकांची? त्यांची ओटी भरायला कोण होतं? मग त्यांनीच भरली, एकमेकींची, केसांत... कुठे नेताहेत ते ठाऊक नसताना. दत्तगुरू, इतकी वर्षं मी तुमच्यापुढे अक्षता वाहते, आणि मूठभर तांदूळ म्हणजे काय ते मला आज कळतंय.

पुढच्या महिन्यात वैदेही शिकायला परदेशी निघणार. लग्न नसलं म्हणून काय, लांब जाणाऱ्या पोरीच्या ओंजळीत चार दाणे घालावेत, असं जयमालाने सुचवलं होतं. "आई, प्लीज. विमानतळावर फेकून द्यायला लावतील." त्यानंतर तिने विषय काढला नव्हता.

मित्र गेले. वैदेही नेहमीसारखी येऊन पाठमोरी बसली, रबरबँड दातांत धरून. "घाल ना वेणी."

वेणीला दोन्ही हात लागतात. डाव्या मुठीत निवडलेले तांदूळ होते—पांढरे, कांडलेले, कुठल्याच मातीत न उगवणारे. ठाऊक होतं, तरी मूठ सोडवेना. उजव्या हाताने तिने केस नुसतेच कुरवाळले.

"आई? काय झालं?"

दिवा अजून लागायचा होता. शब्द जिभेवर येऊन थांबला... आणि आजवर एकटीचं वाटणारं ते मौन—त्यात आता कितीतरी बायका तिच्या भोवती बसल्या होत्या, एकमेकींच्या केसांत बोटं घालून, श्वास रोखून.