आत ओढलेला पाय

तळ्याचं पाणी शहराला सोडायचं की नाही, हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरायचं. आप्पांनी ‘सोडा’ असं लिहिलं आणि आठवड्याभरात ते गेले. आज त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसली होती. त्यांच्या शेवटच्या नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघून सही करायची, एवढंच काम. चार वाजता व्हॉल्व्ह उघडणार होता.

“कर गं सही,” शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. “तुझे वडील झोपेतसुद्धा रोटिफर ओळखायचे.”

“मग झोपेतच ओळखलाय,” ती म्हणाली. हसू काही आलं नाही.

अहवालात लिहिलं होतं, ‘पाय नाही.’ रोटिफर म्हणजे पाण्यातला सूक्ष्म जीव; बिनपायाचा असला तर काळजी नको. पण तशा जातीच्या कवचावर जाळीसारखी नक्षी असते. हे कवच गुळगुळीत होतं. तिने पुढचे काटे मोजले. सहा हवे होते, भरले चार. दुसरा जीव पाहिला, तिसरा पाहिला. चारच.

चार काट्यांच्या जातीला पाय असतो. त्या जातीची अशी गर्दी झाली, की सांडपाणी शिरल्याचा संशय घ्यायचा.

तिने नमुन्याची बाटली शोधली. आधी सोडावॉटर घालून जीव सुन्न करायचा, मगच तो टिकवायला फॉर्मालिन. नाहीतर तो दचकून पाय आत ओढून घेतो. हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर फॉर्मालिनची वेळ होती. सोडावॉटरची जागा कोरी. अक्षर थरथरलेलं.

किती दिवस हात थरथरत होता? घरात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

सुईच्या टोकाने तिने वरची पातळ काच जराशी सरकवली. जीव कुशीवर वळला. नसू दे, नसू दे, असं ती पुटपुटत होती. मागच्या टोकाला भोक होतं. आत घडी घातलेला पाय, त्याला दोन बोटं.

चाराला दहा कमी होते. तिने पंपघरात फोन लावला.

“व्हॉल्व्ह उघडू नका. पाणी पुन्हा तपासायचंय.”

“अहो ताई, आप्पांचा अहवाल आहे,” मिस्त्री हसले. “एक वेळ सूर्य चुकेल, आप्पा नाही.”

बाईंनी मान वर केली.

“चुकलेत,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी बोलतेय. लिहून घ्या.”