गेंबाच्या कमरेचा सुरा

सकाळी साडेनऊपर्यंत आमच्या टेबलावर लाल भाताचे सहा डबे जमले. घरात मंगलकार्य निघालं की वाटतात तो भात. आमच्या घरात काहीही निघालेलं नव्हतं. जे घडलं होतं ते ‘काळ्या खाडीचा पहारा’ या चित्रकथेत. अठरा वर्षं अडकून पडलेल्या त्या कथेचा शेवटचा भाग बुधवारी मासिकात आला आणि त्यात दीपगृहाची रक्षक शिओन हिने जहाजं बुडवणाऱ्या गेंबाशी लग्न केलं.

माझी बायको मित्सुए या दोघांच्या मागे वयाच्या सतराव्या वर्षापासून आहे. तेव्हा तिने पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या एक पान पाहिलं होतं. गेंबाने शिओनच्या गळ्याला सुरा लावलाय, तिचे केस ओले आहेत, आणि दुसऱ्या हाताने तो दिवा तिच्याजवळ सरकवतोय. बस, एवढंच. त्या एका चौकटीवर मित्सुएने एकाहत्तर पुस्तिका लिहिल्या. चित्रं तिच्या मैत्रिणीची, चिझुरुची. चाहते स्वतः काढलेल्या पुस्तिका विकतात अशा ओसाकाच्या या मेळ्यात एका टेबलाशी अडतीस वर्षं दोघी बसतात, त्यातली शेवटची तेहेतीस वर्षं विक्रीला मी.

“बाई, जिंकलात!” सातवा डबा ठेवत शेजारच्या रांगेतली मुलगी म्हणाली. “तुम्ही म्हणत होतात तेच झालं!”

“मी असलं काही म्हणत नव्हते,” मित्सुए म्हणाली. कोणी सांत्वनाला आल्यासारखा तिचा चेहरा होता. मुलगी वाकून नमस्कार करत मागच्या मागे गेली.

“अगं, नीट तरी बोल,” चिझुरु म्हणाली.

“काय नीट बोलू? सुरा समुद्रात फेकला त्याने! रडला! तिच्या पायांशी बसून माफी मागितली आणि शेवटच्या पानावर मुळ्याच्या वाफ्याला पाणी घालतोय. मुळ्याच्या, चिझु! हा गेंबा नाही. हा कोणीतरी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस आहे.”

“तुला चव्वेचाळीस वर्षं शिओनचं लग्न हवं होतं.”

“मला गेंबाशी हवं होतं.”

हे संभाषण मी बुधवारपासून ऐकत होतो. फोनवर, जेवताना, दात घासताना. बाहत्तराव्या पुस्तिकेची जाहिरात मार्चमध्येच झाली होती. दोघींची पद्धत अशी की आधी चिझुरु पानं काढते, संवादांचे फुगे कोरे ठेवते आणि मित्सुए त्यात शब्द भरते. चिझुरुने तीन दिवसांत लग्नाची बारा पानं काढून पाकिटात घालून आणली होती. त्यातले सगळे एकतीस फुगे कोरे होते. दारातल्या यंत्रावर प्रती काढायच्या, घडी घालायची, टाचायच्या. तासाभराचं काम. मित्सुएने पाकिटाला हातही लावला नव्हता.

“मला या लग्नाला एक शब्द सुचत नाही. सुचवायचाही नाही.”

“ठीक आहे.” चिझुरुने पिशवीतून ऑगस्टच्या मेळ्याचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. एका टेबलाला एक अर्ज. त्यावर या वेळी एकच नाव होतं, चिझुरुचं. “दोन वाजता अर्जांची खिडकी बंद होते. मी मुळ्यासकट काढीन. मला ते सुखात बघायचेत, मित्सु. मी बासष्टची झालेय.”

मित्सुएने अर्जाकडे पाहिलं आणि समोरच्या पुस्तिका सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

एक वाजला. माणसं येत होती, नवी पुस्तिका कुठे म्हणून विचारत होती. “होईल,” मी सांगत होतो, आणि मला या दोघींचा, गेंबाचा आणि सात डबे भाताचा मनापासून वैताग आला होता. शेवटी मी पाकीट उघडलं. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मजकूर तपासला. समोर पानं असताना ती न वाचता ठेवणं मला जमत नाही.

नवव्या पानावर मी थांबलो.

“इथे चूक आहे,” मी म्हणालो. “सुरा आदल्या रात्री समुद्रात गेला. इथे लग्नात त्याच्या कमरेला काहीतरी आहे, पट्ट्याखाली. मूठ दिसते.”

“दाखवा,” मित्सुए म्हणाली.

“दुसऱ्याचं ऐकायचं नाही, पण चूक म्हटलं की लगेच दाखवा,” चिझुरु म्हणाली. “आणि भावोजी, ती चूक नाही.”

“छापलेल्या भागात—”

“छापलेल्या भागात त्याने फेकला तो कोणता सुरा, हे कोणी सांगितलंय? गेंबा एकच सुरा घेऊन फिरेल? मी अडतीस वर्षं काढतेय त्याला.”

मित्सुएने पान माझ्या हातातून घेतलं. मग पहिल्यापासून सगळी पानं पाहिली. दहाव्यावर शिओन लग्नाच्या मद्याचा पेला घेताना त्याच्या कमरेकडे बघत होती. तिला माहीत होतं.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू पाकीट उघडलंस?”

मित्सुएने पेन्सिल मागितली. मी दिली. तिने चाळीस मिनिटं मान वर केली नाही. एकदा फक्त विचारलं, “अहो, ‘तुझ्यापुरता’ की ‘तुझ्यापुरतंच’?” मी म्हटलं, वाक्य दाखव. तिने दाखवलं नाही.

बाराव्या पानावर लग्नानंतरची खोली होती. गेंबाच्या फुग्यात तिने लिहिलं: ‘उद्या उत्तरेकडचं जहाज बुडवणार आहे. अडव.’ शिओनच्या फुग्यात: ‘अडवीन. आधी तो दिवा इकडे सरकव, मला थंडी वाजतेय.’

चिझुरुने ते दोनदा वाचलं. “मी मुळे काढणार होते.”

“बुडवून आल्यावर लावेल.”

दोन वाजायला सहा मिनिटं असताना मित्सुएने अर्जावर चिझुरुच्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं आणि अर्ज माझ्या हातात कोंबला. “पळा. आणि येताना प्रती काढून आणा. ऐंशी.”

मी पळालो. परत आलो तेव्हा टेबलापुढे रांग होती आणि दोघी भांडत होत्या. सुरा गेंबाच्या डाव्या बाजूला हवा की उजव्या. मी खाली बसलो, ऐंशी प्रतींची पानं मांडीवर घेतली आणि घड्या घालायला लागलो. गेंबा डावखुरा आहे, म्हणजे सुरा उजवीकडेच हवा. सदतिसाव्या पुस्तिकेत मित्सुएनेच तसं लिहिलंय. मी पुढच्या प्रतीची घडी घातली.