बत्तीस बोअरची धाकटी

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. खांद्यावर मिरवणारी लांब बंदूक नव्हे. एका हातात मावणारी, सहा काडतुसांची, बत्तीस बोअरची. आमच्यात नळीच्या तोंडावरून मान मिळतो, आणि माझं तोंड चिमणीच्या चोचीएवढं.

नदीकाठच्या एका कारखान्यात माझं पोलाद घडलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ चढली आणि आगगाडीनं मी अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर आले. तिथं एका मेंढपाळणीनं मला पदरी बाळगलं. तिच्या राहत्या गाडीखाली साप निघाला की मी, कोकराभोवती कोयोट, तिकडचा लहान लांडगा, घुटमळला की मी. म्हातारपणी तिनं मला आपल्या लेकीच्या, व्हर्लाच्या हाती दिलं आणि म्हणाली, "लहान आहे, पण तुझं ऐकेल."

व्हर्लाचा हातही तिच्या आईसारखाच होता. बारीक, सुरकुतलेला, मेंढ्यांच्या लोकरीनं मऊ झालेला. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की ती दिवसभर वाड्यात असायची. ओल्या कोकराला पोत्यानं पुसत गुणगुणायची:

नीज नीज कोकरा, लोकर तुझी ओली,
वाऱ्यालाही सांगितलं, हळू ठेव बोली.

मी तिच्या कमरेला असायची आणि पेनी ही तांबडी कुत्री तिच्या पायाशी.

पण व्हर्लाचा नवरा ऑरिन, त्याला मी कधीच पटले नाही. शेजारचा डेल्मर कॉफीला आला की मला टेबलावर ठेवून दोघं खिदळायचे.

"हिची गोळी लागली तर कोयोट काय करेल रे?" ऑरिन विचारायचा.

"शिंकेल," डेल्मर म्हणायचा. "फार तर रुमाल मागेल."

व्हर्ला वैतागायची. "माझ्या आईनं हिच्यावर आयुष्य काढलं. तुम्ही दोघं काय काढलंत? कॉफी संपवलीत."

तरी तिच्या वाढदिवसाला ऑरिननं चव्वेचाळीस बोअरचं धूड आणलं. लाल फीत बांधून, डोळ्यांत पाणी आणून दिलं. मित्रांनो, त्यात खोट नव्हती. त्या माळावर पुष्कळ पुरुष माया अशीच देतात, जड आणि आवाजी. मला मात्र कुंपणाच्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. डबा छपरीत, छपरी ओलसर. माझ्या कुशीत एक खिळा रुतून बसला आणि तिथं गंज धरला.

फळीच्या फटीतून मला सगळं दिसायचं. तो चव्वेचाळीसचा थोरला सुटला की व्हर्लाचे हात आभाळाकडे उडायचे. मनगट सुजायचं. बार व्हायच्या आधीच ती डोळे मिटायची.

"दुखतंय रे ऑरिन. माझी ती लहानगी दे ना."

"सवय होईल गं. लहानगीच्या भरवशावर तुला रानात एकटी सोडू?"

सवय झाली नाही. मे महिन्यात, भर दुपारी, वाड्याशी कोयोट आला. थोरल्याचा बार मी ऐकला. गोळी व्हर्लाच्या पुढ्यातल्या मातीत शिरली, आणि धक्क्यानं वर गेलेली नळी ती खाली आणेपर्यंत पेनी कोयोटाला भिडली होती. मग गोळी झाडायची कुणावर? दोघांचा एकच गोळा झालेला. कोयोट लंगडत पळाला. पेनी उठली नाही.

ऑरिननं तिला फाटकापाशी पुरलं. व्हर्ला म्हणाली, "माझाच हात चळला." ऑरिन फावड्याची माती झटकत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आणि ते न बोलणं त्या घरात मुक्कामाला आलं.

व्हर्लाचं गाणं थांबलं. ती वाड्याकडे जाईना. एका सकाळी तिनं सांगितलं, "मेंढ्या डेल्मरला दे. ज्या हातानं राखण होत नाही, त्या हातानं पाळू नये."

ऑरिन हादरला. व्हर्ला मेंढ्यांशिवाय म्हणजे माळ गवताशिवाय. तिचा हात सुधारायचा त्यानं चंग बांधला. तिकडे एक जुनी युक्ती आहे: भरलेल्या काडतुसांत उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या मिसळायच्या. कुठं काय आहे, हे झाडणाऱ्याला कळू द्यायचं नाही. पुंगळीवर चाप ओढला की नुसतं टक् होतं, आणि हात भ्यायलेला असेल तर धक्क्याच्या धाकानं आधीच खाली दबतो, उघडा पडतो.

व्हर्ला म्हणाली, "आधी तू. भरते मी."

डेल्मर कुंपणावर बसला होता. ऑरिननं ऐटीत नेम धरला. चाप ओढला. टक्! बार नाही, धूर नाही, तरी थोरल्याची नळी झपकन खाली गेली. पुन्हा टक्. पुन्हा तेच.

"अरे ऑरिन," डेल्मर ओरडला, "तुझी बंदूक जमिनीचा मुका घेतेय की काय!"

कुणी हसलं नाही. ऑरिन आपल्या हाताकडे बघत राहिला. इतकी वर्षं असल्या थोरल्यांच्या धक्क्याला तो हात भीतच होता. बाराच्या आवाजात ते झाकलं जायचं. जे ओझं त्याला स्वतःला पेलवत नव्हतं, ते त्यानं फीत बांधून बायकोला दिलं होतं.

तो छपरीत आला. डबा पालथा केला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दातांच्या जुन्या ब्रशनं त्यानं मला घासलं, तेल दिलं. मग बाहेर नेऊन तीच पुंगळ्यांची युक्ती माझ्यावर केली. टक् झालं; मी जागची हलले नाही. पुढच्या बाराला खांबावरचा पत्र्याचा डबा उडाला. त्यानं मला व्हर्लाच्या हाती दिलं. तिच्या हातात तर मी तळ्यातल्या पाण्यासारखी स्थिर राहिले.

"व्हर्ला," ऑरिन म्हणाला, "चूक तुझ्या हाताची नव्हती गं, मी दिलेल्या धुडाची होती. त्या दिवशीच मनात आलं होतं माझ्या. बोललो नाही."

फाटकाकडे बोट करून ती म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग."

ऑरिन गेला. टोपी काढून मातीच्या त्या उंचवट्याशी उभा राहिला. काय बोलला ते वाऱ्यानं नेलं. तो परतला तेव्हा व्हर्ला मला कमरेला लावून वाड्याकडे निघाली होती.

त्याच आठवड्यात कोयोट पुन्हा आला. मी दोनदा बोलले. तो पुन्हा कधी आला नाही.

"शिंकला का रे?" डेल्मरनं विचारलं.

"पुरते ती," ऑरिन म्हणाला. "हातात टिकते ना, मग पुरते."

मित्रांनो, माझं कौतुक झालं, पण ते पेनीच्या मातीवरून चालत आलं. त्याचा मला आनंद होत नाही. तुम्ही माझ्यासारखीला कधी हात लावू नका. ते काम जाणत्यांचं. पण कुणाला काही द्याल, तेव्हा आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. आणि तो दुखतंय म्हणाला, तर खरं माना.

दर रविवारी ऑरिन मला पुसतो. नळी चकाकते, मूठ चकाकते. खिळ्यानं धरलेला गंजाचा तो डाग मात्र अजून तसाच आहे. परवा व्हर्ला म्हणाली, "अरे, तेवढा काढ की."

ऑरिननं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं आणि फडकं घडी करून ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला.