तिसऱ्या पाण्याची डाळ

दुर्गेशच्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली, तेव्हा त्याचे आजोबा हिरालाल पटले हसले होते.

"पैलवानाच्या नातवाले चप्पल सांभाळता येत नाही का गा?"

"पट्टा ढिला झाला, आजा."

पट्टा ढिला नव्हता.

हिरालाल अठ्ठ्याहत्तरचे. एकेकाळी नागऱ्याच्या जत्रेत त्यांनी कुस्त्या मारलेल्या. अजूनही बांधावरून चालले तर माती दबते. त्यांची रुख्मा दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा-सून कामासाठी नागपूरला. घरात राहिले दोघंच, आजा आणि तेवीस वर्षांचा नातू. चूल कोणी पेटवायची यावरून रोज भांडण, आणि पेटली की रोज एकच गोष्ट, खुराकाची.

"आमचा खुराक म्हंजे भिजवलेला चना, त्याचं पानी अन् गूळ. म्हैस दुभती असली त दूध. सारा हिवाळा लाखोरीची डाळ. तुमच्यासारखे डब्बे नव्हते बाप्पा!"

दुर्गेश तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या जिममध्ये जायचा. जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं, दुसरं काही त्याला दिसतच नव्हतं. जिमच्या सरांनी तक्ता लिहून दिला होता. भात पूर्ण बंद, प्रोटीन दुप्पट. पावडरचा डबा काही परवडेना. मग एका दुपारी फोन हातात धरून तो ओसरीवर धावत आला.

"आजा, लाखोरीत चन्यापेक्षा जास्त प्रोटीन आहे! अन् आपली कोठी भरून पडली!"

"मंग मी काय सांगून राहिलो इतके दिवस?" हिरालालची छाती फुगली. किती दिवसांनी घरातल्या कोणाला त्यांचं बोलणं पटलं होतं.

धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरी म्हणजे लाखेची डाळ फेकायची. धान कापलं की ती उठते, निळी फुलं घेऊन, कोणी पाणी दिलं नाही तरी उठते. पाऊस रुसला, सगळं करपलं, तरी ती एकटी उभी राहते. तिच्यावर कोण संशय घेणार?

दुर्गेश डाळ भिजत घाली. भिजवलेलं पाणी गाळून आधी पिऊन टाकी, मग डाळ शिजवी, वाटीभर नाही, पातेलंभर. दुपारी तिच्याच भाजल्या पिठाचा, पाण्यात कालवलेला घोळ.

"सर म्हणतात, सारी ताकद पान्यात उतरते. फेकाचं नाही."

"बरोबर आहे," हिरालाल म्हणाले. "चन्याचं पानी आम्ही कधी फेकलं नाही."

कार्तिक गेला, पौष गेला. दुर्गेशचे खांदे भरले, छाती दारात मावेना. चप्पल मात्र निसटत राहिली.

फाल्गुनात दरेकशाहून हिरालालची बहीण शामकला आली. ओसरीवर पाय पसरून बसली होती, तेव्हा दुर्गेश जिममधून परत आला. टाचा वर, चवडे जमिनीवर घासत, गुडघ्यावर गुडघा आपटत. कात्रीची पाती एकमेकांवर यावी तसे त्याचे पाय येत होते.

"दादा, हा असा काऊन चालून राहिला?"

"पायाची कसरत केली असंन."

"कसरत नाही ही. आपल्या गावचा दुधराम आठव. दुष्काळात त्याच्या घरी तांदुळाचा दाणा नव्हता, नुसती लाखोरी होती. मरेपर्यंत काठीवर असाच चालला." ती उठली, चुलीपाशी गेली, पातेल्यात वाकून पाहिलं. "पानी कुठं फेकता डाळीचं?"

"फेकत नाही, आजी. मी पितो ना," दुर्गेश म्हणाला, जरा अभिमानानेच.

शामकलाने पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. मग हळूच म्हणाली, "रुख्मावयनी डाळ धुताना काय म्हणे, दादा?"

हिरालालना शब्द पाठ होते. पन्नास वर्षं परसातून ऐकले होते.

*पयलं पानी वैऱ्याचं,*
*दुसरं पानी शेजाऱ्याचं,*
*तिसऱ्या पान्याची डाळ*
*माह्या लेकराची.*

त्यांना ते गाणं वाटलं होतं. तिचा गळा बरा होता, म्हणून अंगणात दोरी वळता वळता ते ऐकत राहिले. ती पाणी कुठे ओतते, कितीदा ओतते, हे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. त्यांची डाळ ताटात सुरू व्हायची.

गोंदियाच्या डॉक्टरने दुर्गेशच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ताडकन उडाला आणि थरथरत राहिला.

"लाखोरीतलं विष भिजल्यावर पाण्यात उतरतं. तुम्ही तेच प्यायलात, आणि भातही सोडलात. आजपासून बंद करा. आणखी बिघडणार नाही बहुतेक. पण गेलं ते परत येणं कठीण."

"स्पर्धा चैत्रात आहे, सर," दुर्गेश म्हणाला.

डॉक्टरने चिठ्ठीवर औषधांखाली 'काठी' असं लिहिलं.

परतीच्या एसटीत दुर्गेश खिडकीशी बसला होता. गोरेगाव जवळ आलं तेव्हा बोलला.

"तुमी त जनमभर खाल्ली. तुमचे पाय काऊन ठीक?"

"माह्या वाट्याचं पानी तुही आजी फेकत होती," हिरालाल म्हणाले. "अन् तुले मी पी म्हटलं."

दुर्गेशने त्यांच्याकडे पाहिलं नाही. उतरताना मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवावाच लागला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दुर्गेशने अंगाला तेल लावून घेतलं. हिरालालनीच लावलं, पाठीला, दंडांना, मग पोटऱ्यांना. पोटऱ्या दोरखंडासारख्या ताठ होत्या, दाबल्या तरी सैल होईनात.

"अंगणात मले उभं धरा, आजा. एकदाच."

हिरालाल त्याच्या मागे गेले. दोन्ही हात कमरेभोवती घातले, बोटांत बोटं अडकवली. याच पकडीने त्यांनी नागऱ्यात कितीएक गडी मातीवरून उचलून फेकले होते. दुर्गेशने काठी सोडली. दोन्ही दंड वर नेले, मुठी आवळल्या, मान वळवली. वरचं अंग उन्हात चकाकलं. खाली एक पाय दुसऱ्यावर चढून थरथरत होता आणि अंगठा शेणसड्यावर रेघ ओढत होता.

फाल्गुनापासून इथेच राहिलेली शामकला परसात तांदूळ धूत होती. पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा.

"ढिलं सोडू नका, आजा."

"नाही सोडत."

"दुसरी पोज घेतो आता."

"घे," हिरालाल म्हणाले, आणि त्याच्या ओल्या पाठीवर कपाळ टेकवून उभे राहिले.